रविवारचा उशिराचा नाश्ता: मुंबईत बाबांना घेऊन कुठे जाऊ?

अबोली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. थोडी मदत हवीय.

आई गेल्यापासून, म्हणजे गेल्या वर्षीपासून, बाबा (वय ७६) माझ्याकडे डोंबिवलीला असतात. तब्येत तशी चांगली, फक्त डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून जिने जपून चढायचे. पण माणूस एकदम गप्प झालाय. काय करू खायला विचारलं की "काहीही कर". आणि हे तेच बाबा, जे आमटीत गूळ कमी पडला तर पहिल्या घासाला सांगायचे. मागच्या रविवारी पेपर आणायला गेले ते तास झाला तरी येईनात, मी घाबरून खाली उतरले तर समोरून शांतपणे चालत येतायत, म्हणाले स्टेशनजवळ एका हॉटेलात चहा पीत बसलो होतो. आणि मग आपणहून सांगायला लागले की गिरगावात असताना रविवारी सकाळी मला खांद्यावर बसवून धोबीतलावच्या इराण्याच्या हॉटेलात न्यायचे आणि मी बनमधला मस्का चाटून पाव त्यांना परत द्यायचे. एवढं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते हो.

तर ठरवलंय, दर रविवारी त्यांना घेऊन बाहेर खायला जायचं. ब्रंच म्हणा नाहीतर उशिराचा नाश्ता म्हणा, साधारण ९ ते १२ च्या मधे. अटी एवढ्याच की पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी, जिना नको, फार गोंगाट नको कारण एका कानाने कमी ऐकू येतं, आणि कुणी उठवायची घाई करू नये. व्हेज नॉनव्हेज दोन्ही चालतं. दोघांचे हजारपर्यंत झाले तरी ठीक. लांब असलं तरी चालेल, लोकलने जायला त्यांना आवडतं.

माटुंगेकर

अबोली, अगदी योग्य धागा काढलात. डोळे मिटून माटुंगा पूर्व.

१. राम आश्रय, स्टेशनपासून जवळ, भांडारकर रोड. १९३९ पासूनचं. पहाटेच उघडतं. रोजचा शिरा वेगळ्या चवीचा असतो, आज कुठला ते फळ्यावर लिहिलेलं असतं. आत शिरल्या शिरल्या फळा वाचायचा, मग बसायचं. पायनापलचा असेल तर सोडू नका.

२. कॅफे मद्रास, किंग्ज सर्कल, १९४० चं. रसम वडा, पोडी इडली, नाचणीचा डोसा. रविवारी साडेआठनंतर बाहेर माणसं नाव लिहून उभी असतात हे आधीच सांगतो. सोमवारी बंद.

३. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२. केळीच्या पानावरचं जेवण, पण ते वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे तुमच्या बाबांसाठी सध्या बाद. गुडघा नीट झाला की मात्र न्याच, कारण असं वाढणारे हात आता फार ठिकाणी उरले नाहीत.

आणि खाऊन झाल्यावर लगेच परत फिरू नका. बाजारातून फुलांच्या दुकानांवरून एक चक्कर मारा, सकाळी मोगरा आणि अबोलीच्या वेण्यांचे ढीग असतात. माझी आई शेवटपर्यंत डोशापेक्षा त्या चक्करसाठी यायची.

खादाड_ठाणे

+१ राम आश्रय.

मेगाब्लॉक बघून निघा फक्त. मध्य रेल्वेवर रविवारी माटुंगा-मुलुंड ब्लॉक ठरलेलाच. ब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो म्हणजे जाताना त्रास नाही, येताना गाड्या उशिराने. बाबांना घेऊन असाल तर फास्टने दादर आणि तिथून टॅक्सी हे बरं.

शिवाजीपार्क

दादरला उतरणारच असाल तर माटुंग्यापर्यंत जायचं कशाला? पश्चिमेला या ना. गडकरी चौकात आस्वाद, शिवसेना भवनासमोर, १९८६ चं. त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब अवॉर्ड्समध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं होतं हे बहुतेकांना माहितीय, पण मला विचाराल तर तिथे मिसळीपेक्षा थालीपीठ आणि डाळिंबी उसळ मागवा. थालीपीठावरचा लोण्याचा गोळा वितळायच्या आत खायचं. आणि वडीलधाऱ्यांसोबत असाल तर कोथिंबीर वडी, चावायला सोपी आणि पोटाला हलकी.

जवळच प्रकाश आहे, साबुदाणा वडा आणि पियूष. जागा छोटी, अनोळखी माणसांसोबत टेबल शेअर करायची तयारी ठेवा.

नीलू मावशी

अगं अबोली, वाचून डोळ्यांत पाणी आलं बघ. माझे वडील असेच झाले होते. त्यांना खाण्यापेक्षा कुणीतरी मुद्दाम आपल्यासाठी वेळ काढलाय हे हवं होतं.

एक मात्र अनुभवाने सांगते. आपल्याकडची उपाहारगृहं चवीला कितीही उत्तम असली तरी रविवारी सकाळी दहा वाजता तिथे निवांत बसता येत नाही. मागच्या महिन्यात मी माझ्या सासूबाईंना घेऊन दादरच्याच एका नावाजलेल्या ठिकाणी गेले (नाव नाही घेत), त्यांचा शेवटचा घास तोंडात होता आणि बिल टेबलावर आलं, मागे दोन माणसं खुर्ची धरून उभी. सासूबाईंना पाणीसुद्धा धड पिता आलं नाही. त्या म्हणाल्या परत नको. तेव्हा पदार्थांच्या आधी वेळ बघ. आठला जा, नाहीतर थेट साडेअकराला.

माटुंगेकर

मावशी, तुमचं दुःख कळतं, पण उपाहारगृहाची बाजूही मांडू द्या. माझे काका उडुपी हॉटेलात आयुष्यभर गल्ल्यावर होते. पन्नास रुपयांची इडली परवडते ती त्या टेबलावर सकाळपासून पंधरा-वीस गिऱ्हाइकं बसतात म्हणून. गिरणी कामगार, बँकेतले कारकून, एकट्याने खोलीत राहणारी पोरं, यांना झटपट, स्वच्छ आणि स्वस्त मिळावं म्हणूनच ही हॉटेलं उभी राहिली. तिथे तास दीड तास गप्पा मारत बसायची रीतच नाही. गप्पा मारायची जागा म्हणजे इराणी. एका चहावर बसू द्यायचे.

पण वेळेबाबत शंभर टक्के सहमत. आठच्या आत गेलात तर वाढपीसुद्धा दोन शब्द बोलतो.

पालीनाका

मी थोडं वेगळं सुचवू का? सगळे बाबांना त्यांच्या जुन्या जागीच पाठवतायत. बांद्र्याला आणा त्यांना!

सिरियसली सांगतोय. मी मूळचा सांगलीचा, आठ वर्षं बांद्र्यात राहतो, आईबाबा आले की दर वेळी कॅन्डीजला नेतो. पालीला आहे, जुन्या बंगल्यासारखी जागा, भिंतींवर फुटक्या टाईल्सची नक्षी, झाडं, काउंटरवर जाऊन घ्यायचं आणि हवं तिथे बसायचं, कुणी विचारत नाही किती वेळ झाला. सँडविच, रोल, कटलेट असं सगळं समोर काचेत दिसतं त्यामुळे मेन्यूतले शब्द कळले नाहीत असं होत नाही, बाबा बोट दाखवतात ते घेतो. पायऱ्या आहेत पण खालीही बसता येतं.

दुसरं, वरोडा रोडवर व्हेरोनिकाज. तिथे आधी सेंट ज्यूड बेकरी होती, ती बंद झाली आणि २०२३ मध्ये त्याच जागेत हे सँडविच शॉप आलं. चांगलं आहे पण रविवारी रांग असते, तेव्हा तुमच्या केसमध्ये शनिवार किंवा वीकडे. आणि कॉफी आवडत असेल तर चॅपल रोडजवळ सबको, आपल्याच देशातल्या कॉफीच्या बिया भाजून वापरतात, आणि जुन्या बंगल्याचं रूप तसंच राखलंय. खाऊन झालं की रणवारच्या गल्लीतून चालायचं, लाकडी जिन्यांची जुनी घरं, क्रॉस, मांजरं. माझ्या वडिलांना गिरगावातल्या खोताच्या वाडीची आठवण झाली.

खर्च मात्र जास्त, दोघांचे हजार ते दीड हजार धरून चाला.

शिवाजीपार्क

७६ वर्षांच्या माणसाला ॲव्होकाडो टोस्ट? पाचशे रुपयांना पावाचा एक तुकडा देतात हो या ठिकाणी. मला नाही पटत.

पालीनाका

पटू नये असंही असेल, पण माझ्या आईने पहिल्यांदा ॲव्होकाडो खाल्ला तेव्हा ती म्हणाली याला लिंबू-मिरची-मीठ लावलंय म्हणजे आपली कोशिंबीरच की, आणि घरी जाऊन तिने शिळ्या भाकरीवर तसंच करून बघितलं. वय झालं म्हणजे नवीन चव नको असं आपणच ठरवतो. त्यांना विचारतं कोण?

नीलू मावशी

पालीनाका, हे फार छान बोललास. +१

फक्त एक जपायचं. काही नव्या कॅफेंत पाठ नसलेली उंच स्टुलं असतात आणि गाणी इतक्या मोठ्याने की शेजारच्याचं ऐकू येत नाही. बांद्र्यातल्याच एका ठिकाणी मी पाच मिनिटांत उठून आले. कानाचा त्रास आहे म्हणाली ना अबोली, तेव्हा आधी एकटीने जाऊन बघून ये किंवा फोन करून खुर्च्यांचं विचार.

गिरगावकर७२

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व.

अबोलीताई, तुमच्या वडिलांनी धोबीतलाव म्हटलं म्हणजे मेट्रो सिनेमाचा चौक. तिथे जेर महालच्या इमारतीत कयानी अँड कंपनी आहे, १९०४ सालचं, आणि अजून चालू आहे. जवळच ससानियन, १९१३ चं. लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या (पाठ आहे, काळजी नसावी), काचेच्या कपाटात खारी, नानखटाई, मावा केक. वडिलांना ब्रुन मस्का मागवा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बन म्हणजे मऊ, किंचित गोड. ब्रुन म्हणजे वरून कडक कवच आणि आत मऊ, तो चहात बुडवूनच खायचा, कोरडा खाल्ला तर टाळू सोलते. चहा "पानी कम", म्हणजे कमी पाण्याचा, मागा. अंडं चालत असेल तर अकुरी, म्हणजे कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर घालून सैलसर परतलेली अंडी, आणि खिमा पाव.

हे इराणी म्हणजे यझ्द आणि केरमानकडून आलेले झरतुष्टी लोक. पारशी आधी आले, हे बरेचसे एकोणिसाव्या शतकात आणि नंतर. कोपऱ्यावरची दुकानं आपले लोक अशुभ मानून घेत नसत, ती यांनी घेतली, असं आमच्या वाडीतले म्हातारे सांगत. दोन रस्त्यांना दारं, भरपूर उजेड, आणि भिंतीला आरसे, म्हणजे गल्ल्यावर बसून मालकाला सगळं दिसायचं. जातीपातीचा, धंद्याचा विचार न करता कुणीही शेजारी बसायचा. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरचं अन्न खाल्लं ते इराण्याकडे, आणि आजीला ते कधीच कळलं नाही.

एक सूचना. रविवारी फोर्टात जाऊ नका. ऑफिसांचा भाग, बरंचसं बंद असतं. कॅफे मिलिटरी (१९३३) किंवा बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया (१९२३) डोक्यात असेल तर आधी फोन करा, आणि ब्रिटानिया ही दुपारच्या जेवणाची जागा आहे. तिथला बेरी पुलाव तुमच्या बाबांना नक्की आवडेल, त्यातल्या आंबट बेरी इराणहून येतात. तिथले बोमन कोहिनूर टेबलापाशी येऊन काय मागवावं ते स्वतः सांगत, ते २०१९ मध्ये गेले. त्यानंतर मी दोनदाच गेलो.

जर्सीहून_मीनल

वाखूसा (वाचनखूण साठवली)! डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन येतेय, इथली अर्धी यादी करणार. आमच्याकडे ब्रंच म्हटलं की पॅनकेक, अंडी आणि दीड तास रांग. माझ्या नवऱ्याला मात्र स्वप्नात जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे दिसतं, २०१५ ला बंद झालं तेव्हा तो इथे बसून खरंच हळहळला होता, कॉलेजात असताना चित्रं बघायला म्हणून जायचा आणि समोवारमधे बोटी रोल खाऊन यायचा.

गिरगावकर, गिरगावातलं मराठी खाणं राहिलं की हो! आजोळ ठाकूरद्वारला होतं माझं.

गिरगावकर७२

मीनलताई, राहिलं नाही, मुद्दाम मागे ठेवलं होतं, त्यावर लिहायला लागलो की थांबत नाही.

ठाकूरद्वारला विनय हेल्थ होम. मिसळ. मुंबईची मिसळ कोल्हापूर-पुण्यासारखी लालभडक तर्रीची नसते, आणि नसावी, वाटाण्याच्या रश्श्याची चव जिभेला कळायला हवी. शेव-फरसाण वरून, बाजूला पाव, आणि नंतर पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड ताकात घुसळून वर जायफळ-केशर. चमच्याने खायचं की प्यायचं असा प्रश्न पडला पाहिजे इतकं दाट हवं. पियूषसाठी पणशीकरांकडे जा, त्यांचं दादरलाही दुकान आहे. प्रकाश दुग्ध मंदिरातली साबुदाण्याची खिचडी, उपास असो नसो.

आता मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन झालंय, त्याला लिफ्ट आहे. ज्यांना चर्नी रोडचा पूल चढवत नाही त्यांच्यासाठी फार मोठी सोय. दादरला मध्य रेल्वेने उतरून मेट्रो पकडता येते, पण दोन्ही स्टेशनांमध्ये अंतर आहे, तिथे टॅक्सी करा.

खादाड_ठाणे

आमच्या ठाण्याचं कुणी नाव घेईना. मामलेदार मिसळ! तहसीलदार कचेरीजवळ म्हणून मामलेदार. तिखट किती हवं ते विचारतात, बाबांसाठी कमी तिखटच सांगा, कमी म्हणजेही आपल्या घरच्यापेक्षा जास्तच असतं. डोंबिवलीहून वीस-पंचवीस मिनिटांत ठाणे. बसायला अगदी साधं आहे आणि गर्दी, त्यामुळे तुमच्या अटींत बसत नाही पण पार्सल आणून तलावपाळीला बाकावर बसून खाता येईल, आम्ही तसंच करतो.

अबोली

सगळ्यांचे किती आभार मानू! नोटबुकात सगळं लिहून काढलंय.

काल पहिला रविवार झाला. माटुंग्यालाच गेलो. सव्वासहाची लोकल पकडली, बाबा मला हाक मारून उठवायला आले, आधीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. साडेसातला राम आश्रयमध्ये होतो आणि मावशी, तुम्ही म्हणालात तसं झालं, निवांत जागा मिळाली, कोपऱ्यातलं टेबल. फळ्यावर शिरा पायनापलचाच होता. मी आधी एकच मागवला, बाबांनी आपला संपवून माझ्या वाटीकडे पाहिलं, दुसरा मागवला. मग इडली-सांबार. पहिला चमचा सांबार तोंडात घातला, थांबले, आणि म्हणाले, "यात गूळ जास्त आहे."

माझा हात तसाच राहिला. आमटीतला गूळ काढणारा माणूस परत आला असं वाटलं मला. पुढे दहा मिनिटं ते सांबारावरच बोलत होते, आईचं कसं असायचं, तिने शेजारच्या कामतबाईंकडून कसं शिकलं होतं, पहिल्यांदा केलं तेव्हा चिंच कशी जास्त झाली होती. हे मला काहीच माहीत नव्हतं.

नंतर फुलांच्या दुकानांवरून गेलो. त्यांनी अबोलीची वेणी घेतली, कुणासाठी ते बोलले नाहीत, घरी येऊन आईच्या फोटोला घातली.

माटुंगेकर

वाचून फार बरं वाटलं. बाबांना सांगा, त्यांची जीभ एकदम बरोबर आहे. उडुपी सांबारात गूळ असतोच, ती मंगळूर-उडुपीकडची पद्धत, मसाल्यात खोबरंही असतं. तमिळ घरातलं सांबार वेगळं, त्यात चिंच पुढे आणि गूळ नाहीच किंवा नावापुरता. माटुंग्यात दोन्हीकडचे लोक आहेत पण हॉटेलं बहुतेक कर्नाटक किनाऱ्यावरच्यांनी काढलेली, म्हणून इथलं सांबार गोडसर. पुढच्या वेळी रसम वडा द्या, त्यात तिखट-आंबट वर येतं, गुळाची तक्रार राहणार नाही.

नीलू मावशी

अबोली, वेणीचं वाचलं आणि पुढचं वाचताच येईना. छान केलंस गं बाळा.

पालीनाका

मस्त! आता बांद्रा कधी?

अबोली

पालीनाका, बांद्रा झालं! गेल्या शनिवारी अर्धा दिवस रजा घेतली आणि कॅन्डीजला गेलो. खाली झाडाजवळची खुर्ची मिळाली. बाबांनी काचेतलं सगळं दोनदा फिरून पाहिलं आणि चिकन सँडविच घेतलं, मग चॉकलेटचं काहीतरी, नाव दोघांनाही कळलं नाही पण आवडलं. शेजारच्या टेबलावर एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता त्याच्याशी बोलत बसले, तो कुठल्या बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो ते विचारलं, बाबा स्वतः बँकेतले. किंमतींवर त्यांनी मान हलवली, "एवढ्यात आपली महिन्याची पावाची लादी आली असती" असं म्हणाले, पण परत येऊ का विचारलं तर हो म्हणाले. शिवाजीपार्क, तुमचंही खरं आणि पालीनाकाचंही. रोज नाही, पण तीन-चार महिन्यांतून एकदा नक्की.

आणि काल धोबीतलावला गेलो. हे जरा सविस्तर लिहिते.

टॅक्सीतून मेट्रोच्या चौकात उतरलो, मी कयानीकडे वळले तर बाबा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून उभे. म्हणाले, "हे नव्हे. आपण समोर बसायचो, बस्तानीत." मला माहीतच नव्हतं. तिथे आता बस्तानी नाही. मला वाटलं झालं, आता मागे फिरायचं म्हणतील. दोनेक मिनिटं तसेच उभे राहिले आणि मग आपणच म्हणाले, चल, पाव तर तोच असेल.

कयानीत आत शिरल्यावर खारीचा आणि भाजलेल्या पावाचा वास आला तेव्हा मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला. ब्रुन मस्का, अकुरी, पानी कम चहा. ब्रुनचा तुकडा चहात बुडवून तो गळून पडायच्या आत तोंडात कसा घालायचा ते मला दाखवलं, बोटांनी मोजून, एक, दोन, उचल. माझे दोन तुकडे कपात गेले. लग्न ठरल्यावर आईला पहिल्यांदा भेटले तेही याच चौकात, मेट्रोला सिनेमा बघायचा म्हणून घरी सांगून आले आणि तिकिटं मिळाली नाहीत म्हणून इराण्याकडे तीन तास बसले, दोघांत चार चहा. मालकाने उठवलं नाही, उलट शेवटचा चहा त्याच्याकडून. आईने ही गोष्ट मला कधी सांगितली नाही आणि बाबांनीही एवढ्या वर्षांत नाही. आम्हीही काल दोन तास बसलो. कुणी काही म्हटलं नाही.

निघताना मावा केकचा एक डझनाचा बॉक्स घेतला, मजल्यावरच्या सगळ्यांना वाटायला.

गिरगावकर७२

बस्तानी! तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी तिथे कॉलेजात असताना परीक्षेचा अभ्यास केलाय. बंद झालं तेव्हा आमच्या वाडीत कुणी मेल्यासारखं वाटलं होतं.

विचारून सांगाल का, त्यांची वाडी कोणती?

अबोली

बाबा शेजारीच बसलेत, पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवायला लावला मला. म्हणतायत लिही, आमची फणसवाडी, १९९४ पर्यंत. आणि गिरगावकरांना विचार त्यांची कोणती, आणि विनयची मिसळ अजून तशीच आहे का नुसतं म्हणतायत.

गिरगावकर७२

मुगभाट. म्हणजे हाकेच्या अंतरावर होतो की आम्ही. मिसळ तशीच आहे का हे मी सांगून उपयोग नाही, त्यांनी खाऊन सांगावं. येत्या रविवारी साडेआठ वाजता मी विनयच्या दारात उभा असतो, निळी टोपी असेल.

अबोली

बाबा म्हणाले, आठला. साडेआठला गर्दी होते.